पत्र्याचे समीक्षक

बोरिवलीला आमच्या सोसायटीत कुणाची नवी गाडी आली, की पूजेला जेवढी माणसे जमतात त्याच्या दुप्पट माणसे तिचा पत्रा दाबून बघायला जमतात. नारळ फुटेपर्यंत सगळे गप्प असतात. खोबऱ्याचा तुकडा तोंडात पडला की समीक्षा सुरू होते. या समीक्षेचे अध्यक्षपद गेली चाळीस वर्षे बिनविरोध एकाच गृहस्थांकडे आहे. त्यांचे खरे नाव दुसऱ्या मजल्यावरच्या पाटीवर आहे. पण सोसायटी त्यांना फियाटकाका म्हणते, अगदी तोंडावरसुद्धा, आणि ती पदवी त्यांनी केव्हाच स्वीकारलेली आहे.

गेल्या दसऱ्याला आमच्या चिरंजीवांनी गाडी घेतली. काकांनी बॉनेटवर अंगठा टेकवला, किंचित दाबला, आणि डॉक्टर नाडी सोडून नातेवाइकांकडे बघतात तसे माझ्याकडे बघितले.

"काय घेतलंत हे? पापड आहे, पापड! आमच्या फियाटच्या टपावर तुम्ही, वहिनी आणि तुमचं लोखंडी कपाट ठेवलं असतं, तरी पोचा आला नसता."

फियाट म्हणजे प्रीमियर पद्मिनी. १९७४ साली तिचे पद्मिनी असे बारसे झाले. पण लग्नात बदललेले नाव माहेरचे कुणी घेत नाही, तसे आमच्या उपनगरांत तिला कुणी पद्मिनी म्हटले नाही. ती पडली कुर्ल्याची, म्हणजे घरचीच पोर. १०८९ सीसीचे इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालाच गिअर, आणि सकाळी चोक ओढून तिची मनधरणी करावी लागे. ती मिळायला नंबर लावून वर्षानुवर्षे थांबावे लागे. काकांची गाडी आली १९८३च्या दिवाळीत. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, १४ डिसेंबरला, पहिल्या मारुती ८००ची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते गिऱ्हाइकाला मिळाली. एखाद्याने सात वर्षे स्थळे बघून लग्न करावे आणि पाचपरतावन व्हायच्या आत शेजारी अप्सरा राहायला यावी, तसे हे झाले. ज्या वस्तूसाठी माणूस सात वर्षे थांबतो तिच्यात दोष दिसणे त्याला परवडत नाही. काकांनी त्याच आठवड्यात निकाल दिला : "पत्र्याचा डबा आहे. हायवेवर बाजूने ट्रक गेला की उडेल." ती गाडी २०१४ पर्यंत बनत होती. एकही उडाल्याचे ऐकिवात नाही.

पण काकांवर अन्याय नको. त्यांची पुष्कळ मते एके काळी खरी होती, हीच खरी पंचाईत आहे. गाडी भंगारात जाते, पण तिच्याविषयीचे मत जात नाही; ते उतरते आणि नव्या गाडीत जाऊन बसते. सकाळी दहा मिनिटे इंजिन गरम करायचे, हे चोकवाल्या कार्ब्युरेटरला ठीक होते. आताच्या इंजिनला अर्धे मिनिट पुरते. बाकीची साडेनऊ मिनिटे तळमजल्यावरचे बिऱ्हाड धूर पिते. खंडाळ्याचा घाट न्यूट्रलवर उतरला की पेट्रोल वाचते, हेही तसेच. जुन्या गाडीत चार थेंब वाचत असतील. आताच्या गाडीत, गिअर टाकलेला असून ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला, की इंजिनला जाणारे पेट्रोलच बंद होते. उलट न्यूट्रलवर इंजिन चालू ठेवायला ते लागते. शिवाय सगळा भार ब्रेकवर, आणि घाटात तापलेला ब्रेक ऐन वेळी दगा देतो. हे मी काकांना सांगितले. ते म्हणाले, "तुम्ही घाट किती वेळा उतरलात?"

पेट्रोल पहाटे भरावे, थंड असते म्हणून जास्त मिळते, हा त्यांचा आणखी एक सिद्धांत. पंपाच्या टाक्या जमिनीखाली असतात; तिथे पहाट होत नाही आणि दुपारही होत नाही. पण काका सहाला उठून रांग लावणार. हल्ली त्यांच्या हाती नवे कोलीत मिळाले आहे ते इथेनॉलचे. "वीस टक्के उसाचा रस घालतात, ॲव्हरेज पाचने पडलं!" आता इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश ताकद कमी असते, हे खरे. वीस टक्क्यांचा एकतृतीयांश म्हणजे साधारण सात टक्के. लिटरला पंधरा देणारी गाडी चौदा देईल. जुन्या गाडीच्या रबरी नळ्यांची काळजीही अगदीच खोटी नाही. म्हणजे इथे काका एक किलोमीटरपुरते बरोबर आहेत. उरलेले चार त्यांनी स्वतःच्या खिशातून घातलेत.

असो. ही सगळी मते पेट्रोलपुरती महाग पडतात. पत्र्याचे मत मात्र निराळे. ते जिवावर बेतते. पत्रा जाड म्हणजे माणूस सुरक्षित, हे ऐकायला इतके रास्त वाटते, की मीही पन्नाशीपर्यंत तेच म्हणत होतो. वास्तविक गाडीचे नाक चेपले पाहिजे, म्हणजे धक्का तिथेच जिरतो आणि माणसांची खोली शाबूत राहते. मर्सिडीजच्या बेला बारेनी या इंजिनिअरने हे १९५०च्या सुमारासच ओळखले होते. आणि आपल्या देवगडच्या बागाईतदाराला ते त्याच्याही आधीपासून ठाऊक आहे. तो हापूसच्या पेटीत पेंढा घालतो, लोखंड घालत नाही.

२००९ साली अमेरिकेत विमा कंपन्यांच्या संस्थेने १९५९ची अवाढव्य शेवरलेट आणि २००९ची शेवरलेट ताशी ६४ किलोमीटरने समोरासमोर आपटवून पाहिली. जुनीत बसवलेल्या बाहुल्याच्या जागी माणूस असता तर गेलाच असता. नवीतल्याच्या पायावर निभावले असते. ती फिल्म मी काकांना मोबाईलवर दाखवली. त्यांनी ती दोनदा पाहिली, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "ही शेवरलेट होती. फियाट नव्हती."

दिवाळीनंतर आम्ही चिरंजीवांच्या पापडातून डहाणूच्या महालक्ष्मीला निघालो. काकूंचे गुडघे दुखतात म्हणून त्या पुढे. मागे मी आणि, काकूंच्या बरोबर पाठीमागे, काका. चिरंजीव म्हणाले, "काका, पट्टा."

"मागे कशाला? मी काय पळून जातोय?"

घोडबंदरचा फाटा गेला, विरार गेले. काकांनी हायवेवरच्या गाड्यांना गुण देणे चालू ठेवले होते. मर्सिडीज दिसली की मात्र ते गप्प होत. तो पत्रा त्यांना मान्य आहे. मी म्हणालो, "काका, पुढे सूर्या नदीचा पूल लागेल. ४ सप्टेंबर २०२२ला तिथे सायरस मिस्त्रींचा अपघात झाला. गाडी मर्सिडीजच होती. पुढचे दोघे वाचले. मागचे दोघे गेले. पोलिसांनी सांगितलं, मागच्यांनी पट्टे लावलेले नव्हते."

काका थोडा वेळ बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "पुढची सीट असते की अडवायला."

"सीट नाही, माणूस असतं," चिरंजीव म्हणाले. "गाडी थांबते, मागचा थांबत नाही. साठने जात असलात तर साठनेच पुढच्याच्या पाठीवर जाता."

आता काकू वळल्या. बोरिवलीपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. "म्हणजे हे माझ्या अंगावर येणार?"

"हो, काकू."

"पंचाऐंशी किलो?"

कुणी उत्तर दिले नाही. मागून खट् असा आवाज आला. पूल येईपर्यंत गाडीत काका काही बोलले नाहीत, आणि पुलावर तर कुणीच बोलले नाही.

महालक्ष्मीच्या आवारात उतरल्यावर त्यांनी पाठ ताठ केली. "पट्टा चांगला आहे हो," ते म्हणाले, "गाडीपेक्षा मजबूत वाटतो." आणि नारळाच्या दुकानाकडे जाता जाता बाजूला उभ्या असलेल्या एका परक्या गाडीचे बॉनेट त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिले.