यंत्राची साक्ष आणि विद्यार्थ्याचे इंग्रजी

वर्गात शंका विचारण्यास संकोचणाऱ्या विद्यार्थ्याला कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे मराठीतून, पुनःपुन्हा स्पष्टीकरण मिळू शकते, हा लाभ मान्यच करावा लागेल. तथापि नैतिकतेची चर्चा बहुधा विद्यार्थ्याच्या नकलेपाशीच थांबते. परीक्षकाच्या साधनाची परीक्षा क्वचितच होते. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये यंत्रलिखित मजकूर ओळखणाऱ्या सात प्रणाली तपासल्या. इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी ‘टोफेल’ परीक्षेसाठी स्वतः लिहिलेल्या ९१ निबंधांपैकी सरासरी ६१ टक्के निबंध या प्रणालींनी यंत्राचे ठरविले. पुढील शब्द जितका अपेक्षित, तितका संशय अधिक, असा या प्रणालींचा हिशेब. आणि परभाषेत लिहिणारा परिचित शब्दांवरच विसंबतो. याहून विलक्षण बाब अशी की, त्याच निबंधांतील शब्दसंपदा चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेताच हे प्रमाण सुमारे १२ टक्क्यांवर आले! प्रामाणिक लेखन दोषी आणि यंत्राने सजविलेले निर्दोष, असा हा न्याय. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या विद्यार्थ्याचे इंग्रजी बहुधा याच वळणाचे असते. अशा टक्केवारीवरून त्याचा प्रकल्प नाकारण्यापेक्षा त्याला समोर बसवून दहा मिनिटे प्रश्न विचारणे अधिक न्याय्य होय. पटावर शंभर विद्यार्थी असताना हा वेळ कोठून काढावयाचा, हे मात्र महाविद्यालयांनी ठरवावयास हवे.