निवडीआधीची निवड

‘उमेदवार’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. तेथे त्याचा अर्थ आशा धरून असलेला, एवढाच. मराठीने त्यात एका अर्थाची भर घातली. वकिलाच्या, सोनाराच्या किंवा छापखान्याच्या मालकाच्या हाताखाली बिनपगारी वा अल्प वेतनावर राहून काम शिकणे, यालाही आपण उमेदवारी म्हणू लागलो. म्हणजे आशेला मराठीने श्रमाची जोड दिली. इंग्रजीतील पर्यायी शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून त्याचा अर्थ शुभ्र वस्त्र परिधान केलेला असा होतो. रोममध्ये अधिकारपदाची इच्छा धरणारा मनुष्य मुद्दाम पांढरा केलेला झगा पांघरून मते मागत फिरे. वस्त्र, आशा आणि शिक्षण या तीन अर्थांपैकी आपल्या राजकीय पक्षांनी कोणता पत्करला आहे, याचा विचार विधानसभेच्या उमेदवारीच्या संदर्भात करावा, असे योजिले आहे.

प्रथम कायदा पाहू. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे विधानसभेच्या उमेदवारास अनामत म्हणून दहा हजार रुपये भरावे लागतात. अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास त्याच्या निम्मे. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवारास एक सूचक पुरतो, अपक्षास दहा लागतात. पक्षाचे चिन्ह हवे असेल, तर ज्यांना बोलीभाषेत ‘ए-बी फॉर्म’ म्हणतात, ते दोन कागद अर्ज भरण्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजण्याच्या आत निवडणूक अधिकाऱ्याच्या हाती पडावे लागतात. सही कोणाची आहे, वेळेत आली की नाही, शाईने केलेली आहे की नाही, हे सर्व काटेकोरपणे पाहिले जाते. हाच मनुष्य का निवडला, तो कोणी निवडला आणि आणखी कोण कोण इच्छुक होते, हे मात्र त्या कागदांवर कोठेही लिहावे लागत नाही. आमच्या मते सर्व दोषाचे मूळ येथे आहे.

आमच्या छत्रपती संभाजीनगरातीलच उदाहरण घेऊ. शहराचे नाव बदलले, तरी २०२४ ची निवडणूक येथील मतदारसंघांनी औरंगाबाद पूर्व, पश्चिम व मध्य या जुन्या नावांनीच लढविली. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात मध्य मतदारसंघासाठी उद्धव ठाकरे यांच्या शिवसेनेने किशनचंद तनवाणी यांचे नाव जाहीर केले. अर्ज भरण्याची मुदत संपत आली असता तनवाणी यांनी माघार घेतली आणि पक्षाने बाळासाहेब थोरात यांना उभे केले. संगमनेरचे प्रसिद्ध थोरात ते हे नव्हेत. २०१४ मध्ये याच मतदारसंघात शिवसेनेचे प्रदीप जैस्वाल व भाजपचे तनवाणी यांच्यांत मते विभागून इम्तियाज जलील निवडून आले होते. ती पुनरावृत्ती टळावी, असे माघारीचे कारण तनवाणी यांनी सांगितले. ते कोणास पटो वा न पटो, निदान ते सांगितले गेले. शेजारच्या पूर्व मतदारसंघात काँग्रेसने आधी मधुकर देशमुख यांचे नाव जाहीर केले आणि मागाहून ते बदलून लहू शेवाळे यांचे घातले. दोन्ही याद्या वृत्तपत्रांत आल्या. दोहोंतही नावे होती, कारणे नव्हती. त्या मतदारसंघात भाजपचे अतुल सावे अखेरीस केवळ २,१६१ मतांनी जलील यांच्यापुढे राहिले. इतकी अटीतटीची जेथे झुंज, तेथे कोणता पक्ष कोणास उभा करतो ही गोष्ट किरकोळ आहे, असे कोण म्हणेल?

याच जिल्ह्यात पैठणहून विलास भुमरे निवडून आले. त्यांचे वडील संदिपान भुमरे त्यापूर्वी काही महिन्यांनीच औरंगाबादचे खासदार झाले होते. कन्नडहून संजना जाधव निवडून आल्या. त्या माजी केंद्रीय राज्यमंत्री रावसाहेब दानवे यांच्या कन्या. आता पुढाऱ्याच्या घरी जन्म घेणे हा काही अपराध नव्हे, आणि घरात राजकारण पाहिलेल्या व्यक्तीस त्याची जाण अधिक असण्याचा संभव आहे. परंतु पक्षाने निवडीचे कारण लेखी सांगितलेच नाही, म्हणजे लोकांना नाते तेवढे दिसते व उरलेले गुण झाकले जातात. कारण न सांगण्याने नाकारलेल्या इच्छुकावर अन्याय होतो हे उघड आहे. निवडलेल्या व्यक्तीवरही तो होतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

साहित्याच्या क्षेत्रात आपण याहून कडक आहोत. एखाद्या टीकाकाराने अमुक कादंबरी श्रेष्ठ असे म्हटले व तेवढ्यावरच लेखणी ठेवली, तर याच मासिकाचा वाचक त्यास पत्र लिहून प्रमाण मागेल. आवड ही खाजगी असू शकते. निवड सार्वजनिक झाली की तिच्यामागे कारण असावे लागते. शे-दोनशे पृष्ठांच्या पुस्तकाविषयी आपण जेवढी अपेक्षा धरतो, तेवढीसुद्धा पाच वर्षे आपल्या वतीने कायदे करणाऱ्या माणसाविषयी धरीत नाही, ही विचित्र गोष्ट होय.

कारणे लिहवून घेण्याचा एक प्रयत्न आपल्याकडे झालेला आहे. १३ फेब्रुवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली की, ज्याच्यावर फौजदारी खटले प्रलंबित आहेत अशा मनुष्यास उभे करावयाचे असेल, तर पक्षाने त्याची कारणे प्रसिद्ध करावीत, व खटले नसलेला दुसरा उमेदवार का मिळू शकला नाही, तेही सांगावे. कारणे त्या व्यक्तीची पात्रता, कर्तृत्व व गुण यांना धरून असावीत. केवळ निवडून येण्याची शक्यता हे कारण चालणार नाही. यातून एक नवा गद्यप्रकार जन्मास आला, आणि टीकाकाराच्या दृष्टीने तो वाचनीय आहे. उमेदवार लोकप्रिय आहे. त्याचे समाजकार्य मोठे आहे. त्याच्यावरील खटले राजकीय हेतूने भरलेले आहेत. ही तीन वाक्ये या पक्षाच्या कागदावर आणि त्या पक्षाच्याही कागदावर पुनःपुन्हा आढळतात. माणसाचे नाव बदलून पाहावे, मजकुरास धक्का लागत नाही. जे वर्णन कोणासही लागू पडते, ते कोणाचेच वर्णन नसते, हा साहित्यातील साधा नियम येथेही खरा आहे. ही आज्ञा न पाळल्याबद्दल बिहारच्या निवडणुकीच्या प्रकरणात न्यायालयाने २०२१ मध्ये काही पक्षांना दंडही केला. पण दंडाने कागद भरला जातो. त्यात सत्य उतरेलच, अशी हमी दंडास देता येत नाही.

पक्षांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतील की, निवडणूक हा संग्राम आहे आणि सेनापती आपला बेत चव्हाट्यावर मांडीत नाही. मित्रपक्षांशी जागांची वाटणी करताना कितीतरी हिशेब शेवटच्या रात्री फिरतात. सभासदांकडून निवड करवावी, तर गटबाजी माजते. २०१४ मध्ये काँग्रेसने लोकसभेच्या काही थोड्या मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानाने उमेदवार ठरविण्याचा प्रयोग केला. त्यात आमच्या मराठवाड्यातील लातूर होते. तेथे पक्षाचा पराभव झाला. परंतु त्या वर्षी महाराष्ट्रात नांदेड व हिंगोली सोडून काँग्रेस सर्वत्रच हरली होती. तेव्हा लातूरच्या पराभवाचे खापर त्या प्रयोगाच्या माथी फोडणे न्यायाचे होणार नाही.

गुप्ततेवाचून पक्ष चालत नाहीत, या समजुतीस जर्मनीचे उदाहरण पुरेसे उत्तर आहे. तेथे उमेदवार पक्षाच्या सभासदांनी किंवा त्यांच्या प्रतिनिधींनी गुप्त मतदानाने निवडावा, असे कायदाच सांगतो. हँबुर्ग राज्याच्या विधानसभेची निवडणूक १९९१ मध्ये झाली. ख्रिस्ती लोकशाही पक्षाने आपले उमेदवार लोकशाही रीतीने निवडले नव्हते, या कारणास्तव तेथील घटना-न्यायालयाने मे १९९३ मध्ये ती सबंध निवडणूक रद्द ठरविली, आणि त्याच वर्षी ती पुन्हा घ्यावी लागली. मतपेट्यांत काही गैर घडले होते म्हणून नव्हे. मतदारापुढे नावे आली तीच सदोष मार्गाने, म्हणून. पक्षातील निवड ही पक्षाची घरगुती बाब नसून निवडणुकीचाच पूर्वार्ध आहे, हे तत्त्व त्या न्यायालयाने मान्य केले. आपण ते अद्याप केलेले नाही.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. पदवी घेतल्यावर तो एका पक्षाच्या कामास लागला. वीस वर्षे त्याने सतरंज्या घातल्या, मतदार याद्या तपासल्या, टंचाईच्या दिवसांत टँकरसाठी तहसील कचेरीचे उंबरठे झिजविले. मराठी अर्थाने ज्यास उमेदवारी म्हणावे, ती त्याने पुरेपूर केली. गेल्या खेपेस त्याने तिकीट मागितले. मुलाखत झाली, ती पाच मिनिटांची. यादी निघाली, तीत त्याचे नाव नव्हते. दिवाळीस तो भेटावयास आला, तेव्हा मी विचारले, ‘‘कारण काय सांगितले?’’ तो हसून म्हणाला, ‘‘सर, कारण विचारायचे नसते.’’ त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मला अधिक खटकले ते हेच.

त्याच्यापेक्षा योग्य मनुष्य पक्षास मिळाला असेल. मी त्याचा शिक्षक, माझे मत पक्षपाती असणारच. पण वीस वर्षांच्या शिक्षणास दोन ओळींचे उत्तर मिळू नये काय? प्रत्येक पक्षाने आपल्या यादीबरोबर प्रत्येक नावापुढे चार गोष्टी छापाव्यात: किती जणांनी उमेदवारी मागितली, निर्णय कोणी केला, कशाच्या आधारे केला, आणि या माणसाने आजवर काय काम केले. यास नवा कायदा लागत नाही, इच्छा लागते. आणि पक्षांना ती इच्छा मतदारांच्या प्रश्नांनीच होईल. आपल्या सुशिक्षित घरांतून मतदानाच्या दिवशी उमेदवार चांगले नाहीत, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. ती खरी असली, तरी त्या दिवशी तिचा उपयोग नसतो. याद्या निघतात तो आठवडा प्रश्नाचा असतो. प्रचारास दाराशी आलेल्या कार्यकर्त्यास चहा द्यावा, आणि ‘हेच का?’ एवढे अवश्य विचारावे. त्याला उत्तर ठाऊक नसेल. तो ते वर विचारील, आणि विचारायचे नसते हा धडा निदान एकाच्या तरी मनातून पुसला जाईल.