हत्तीची शिकार व टेलर यांचा आघातांक

जॉन टेलर यांचा 'आफ्रिकन रायफल्स अँड कार्ट्रिजेस' हा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. त्यात गोळीचा आघात मोजण्याची एक रीत दिली आहे : गोळीचे ग्रेनमधील वजन, सेकंदास फुटांतील वेग व इंचांतील व्यास यांच्या गुणाकारास ७००० ने भागावे. हा अंक पुढे अनेकांनी मारकशक्तीचे लक्षण म्हणून स्वीकारला. तो तसा मानता येईल काय, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

लक्षण अव्याप्ति व अतिव्याप्ति या दोषांपासून मुक्त असावे लागते. डब्ल्यू. डी. एम. बेल यांनी हजारावर हत्ती मारले, त्यांतील बहुसंख्य.२७५ च्या रायफलीने, न फुटणाऱ्या गोळीने. १७३ ग्रेनच्या त्या गोळीचा अंक सुमारे १६ येतो; .४७० च्या गोळीचा सत्तरीपुढे जातो. ही अव्याप्ति होय. उलटपक्षी, मऊ टोकाची .४७० गोळी हत्तीच्या जाड, सच्छिद्र कवटीत मेंदूपर्यंत पोचण्यापूर्वीच चपटी होण्याचा संभव असतो. तरी तिचा अंक तोच. ही अतिव्याप्ति.

तथापि हा दोष टेलर यांच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. भरीव गोळीने मेंदू थोडक्यात हुकला तरी हत्तीस मूर्च्छा येईल काय, हे त्यांस मुख्यतः सांगावयाचे होते. बेल यांस मेंदूचे स्थान नेमके ठाऊक होते. ते ज्ञान नसता कोणी त्यांचे अनुकरण केल्यास जखमी जनावर रानात तडफडत राहते. म्हणून अंक प्रमाण मानण्यापूर्वी तो कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे वाचकाने अवश्य पाहावे.