राजीनाम्याचे वाङ्मय

म्हैसूर शहरातील एका जुन्या वस्तीस अग्रहार म्हणतात. विद्वान ब्राह्मणांच्या योगक्षेमार्थ राजाने दिलेली भूमी, हा या शब्दाचा मूळ अर्थ. आश्रिताने आश्रयदात्याविषयी किती बोलावे, हा प्रश्न त्या शब्दातच दडलेला आहे. आणि सेवकाचे आत्मचरित्र वाचताना तोच निराळ्या रूपाने पुढे उभा राहतो. चाकरी सोडलेल्या मनुष्याचे शल्य केवळ गाऱ्हाणे राहते, की त्यातून संस्थेचे व त्याचे स्वतःचेही दर्शन घडते?

सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांचे १९५१ साली प्रसिद्ध झालेले इंग्रजी आत्मवृत्त या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. पुण्यात स्थापत्याचे शिक्षण घेऊन ते १८८४ मध्ये मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात शिरले. खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांनी त्यांचे नाव झाले, कित्येक ज्येष्ठांना ओलांडून बढत्याही मिळाल्या. तथापि खात्याचे सर्वोच्च पद एतद्देशीयास मिळणे नाही, हे उमगून १९०८ मध्ये ते सेवेबाहेर पडले. पुढे १९१२ पासून ते म्हैसूरचे दिवाण झाले. राज्याच्या नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांस वाटा असावा या मागणीच्या विचारार्थ महाराज कृष्णराज वोडेयर यांनी १९१८ मध्ये लेस्ली मिलर यांची समिती नेमली. गुणवत्तेवाचून दुसरा निकष विश्वेश्वरय्यांस मान्य नव्हता. त्याच वर्षी त्यांनी दिवाणपद सोडले.

हे सारे त्यांनी अत्यंत संयमाने सांगितले आहे. कोणाविषयी कटु शब्द नाही, आक्रोश नाही. या संयमाची थोरवी गाणारे पुष्कळ आहेत, आणि चारित्र्य म्हणून ती थोर आहेच. पण वाङ्मय म्हणून? मुंबईत जन्माच्या आधारे वाट अडविली गेली, तेव्हा ते अन्याय सोसणाऱ्यांच्या बाजूस होते. म्हैसुरात तशीच तक्रार घेऊन दुसरे आले, तेव्हा ते दाराच्या आतील बाजूस होते. अग्रहारातून आलेल्यास जी गुणवत्ता स्वयंसिद्ध वाटते, तिच्यामागे पिढ्यांचे दान उभे असते. हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहण्याची इच्छा लेखकास झालेली दिसत नाही. (कोल्हापुरात शाहू महाराजांनी निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या त्या १९०२ मध्ये, म्हणजे विश्वेश्वरय्या मुंबई सरकारच्या सेवेत असतानाच.) पदाचा त्याग कळतो, त्यागणाऱ्याचे मन कळत नाही.

याउलट टिळकांनी १८९० च्या डिसेंबरात डेक्कन एज्युकेशन सोसायटीस दिलेला प्रदीर्घ राजीनामा घ्या. तो वाङ्मय म्हणून लिहिलेलाच नव्हे. आजीव सभासदांनी अल्प वेतनावर राहून बाहेरच्या मिळकतीचा व उद्योगाचा मोह टाळावा हे मूळ व्रत, आणि सहकारी त्यापासून कसे ढळत गेले याचा क्रमवार हिशेब, असे त्याचे रूक्ष स्वरूप. त्यात पक्षपात आहे. आगरकर-गोखल्यांची बाजू त्यात शोधू नये. परंतु आपली भाषा तिखट व बोचरी असते, हा आपला दोष टिळक तेथेच पदरी घेतात. त्या एका कबुलीने कागदाचा रंग पालटतो. वाचकास सभेतील ती खोली दिसू लागते: एकेकाळी एका ध्येयाने एकत्र आलेली माणसे पाच-पाच रुपयांच्या वाढीवरून भांडत आहेत, आणि फिर्याद मांडणाराही त्या भांडणातलाच एक आहे.