नवस, आश्रय आणि कारागीर : गोव्यातील संत झेवियर यांच्या समाधीची कलाचिकित्सा

बरोक कलेच्या अभ्यासात आश्रयदात्याचा प्रश्न टाळता येत नाही. रोममधील जेझू चर्च (1568-84) कार्डिनल अलेस्सांद्रो फार्नेझे याच्या द्रव्यबळावर उभे राहिले आणि त्याचे नाव दर्शनी भागावर ठळक अक्षरांत कोरले गेले. फ्रान्सिस हॅस्केल यांच्या 'पेट्रन्स अँड पेंटर्स' (1963) या ग्रंथानंतर तर धनी आणि कलावंत यांच्या व्यवहारातूनच त्या काळाची कला वाचण्याचा प्रघात दृढ झाला. आपल्याकडील अध्यापनही बहुतांशी त्याच वाटेने जाते. ही चौकट फ्लॉरेन्स किंवा रोमच्या दरबारी जगासाठी समर्थ आहे, परंतु बरोक कला समुद्र ओलांडून भारतात आली, तेथे ती अपुरी पडते. जुन्या गोव्यातील बॉम जीझस बॅसिलिका हे याचे उत्तम उदाहरण होय.

या वास्तूचे काम 1594 मध्ये सुरू झाले आणि 1605 मध्ये तिचे अभिषेकविधी पार पडले. खर्चाचा मोठा भाग दोम जेरोनिमो मास्कारेन्यस या पोर्तुगीज अधिकाऱ्याने मृत्युपत्राने ठेवलेल्या संपत्तीतून भागला. त्याचे स्मारक आजही चर्चमध्ये आहे. दर्शनी भाग जांभ्या दगडाचा असून त्यावरील घडीव कामासाठी वसईकडील काळा दगड वापरला आहे. मॅनरिझम, ज्याला मराठीत रीतिलाघववाद म्हणतात, त्याची कोरीव तपशिलांनी पृष्ठभाग भरून टाकण्याची ओढ येथे दिसते. मात्र आपल्या प्रश्नाचा खरा गाभा या भिंतींत नसून आतील समाधीत आहे.

ही समाधी म्हणजे वस्तुतः एकावर एक ठेवलेल्या दोन भिन्न कलाकृती होत. खालचा भाग संगमरवर व जास्पर यांसारख्या रंगीत दगडांचा टप्प्याटप्प्याने निमुळता होत जाणारा चौथरा आहे. त्याच्या चारही बाजूंस संत झेवियर यांच्या जीवनातील प्रसंग दाखवणारी कांस्याची उत्थित शिल्पे आहेत. तोस्कानाचा ग्रँड ड्यूक कोझिमो तिसरा (कारकीर्द 1670-1723) याने तो घडवून घेतला. शिल्पकार जोव्हान्नी बातिस्ता फोज्जिनी हा मेदिची दरबाराचा माणूस. कोझिमोनेच त्याला शिक्षणासाठी रोमला पाठविले होते. चौथरा फ्लॉरेन्समध्ये तयार झाला, सुटा करून जहाजाने आणला गेला आणि 1698 मध्ये प्लाचिदो राम्पोनी याच्या देखरेखीखाली गोव्यात जोडला गेला. धनी, शिल्पकार, जुळारी अशी सगळी नावे येथे उपलब्ध आहेत. हॅस्केलप्रणीत चौकटीला आणखी काय हवे?

वरचा भाग आहे चांदीची पेटी. ती 1636-37 मध्ये, म्हणजे चौथऱ्याच्या सुमारे साठ वर्षे आधी, गोव्यातील कारागिरांनी घडविली. तिच्या पत्र्यांवर संताच्या चरित्रातील बत्तीस प्रसंग उठावाने काढले आहेत. इटालियन जेझुइट मार्चेल्लो मास्त्रिल्ली याच्या पुढाकाराने हे काम झाले; पत्र्यांवर हातोडी चालविणाऱ्यांची नावे मात्र कलेतिहासाच्या प्रचलित ग्रंथांत येत नाहीत. फोज्जिनीचा चौथरा ही पेटी पेलण्यासाठीच तयार झाला हे लक्षात घेतले म्हणजे ज्येष्ठ-कनिष्ठतेचा नेहमीचा क्रम उलटतो. येथे फ्लॉरेन्सची कला आधार आहे आणि गोव्याची कला आधेय. तरीही पर्यटक-पुस्तिकेपासून पाठ्यपुस्तकापर्यंत पहिलीला 'शिल्प' आणि दुसरीला 'कारागिरी' म्हटले जाते. उंचीचाही यात हात आहे. कांस्यशिल्पे पाहणाऱ्याच्या नजरेच्या टप्प्यात येतात आणि पेटीवरचे बारीक काम वर दूर राहते. दात्याच्या बाजूने झालेली ही रचना निव्वळ योगायोग मानणे प्रस्तुत लेखकास कठीण वाटते.

आता हेतूंकडे पाहू. नेपल्स येथे जीवघेण्या दुखापतीतून आपण संत झेवियर यांच्या कृपेने वाचलो, अशी मास्त्रिल्लीची श्रद्धा होती. कोझिमोला संताच्या मस्तकाखालची उशी गोव्याहून मिळाली आणि तिची उतराई म्हणून त्याने हे दान दिले. या दोन्ही कृतींसाठी 'आश्रय' या शब्दापेक्षा आपल्या भाषेतील 'नवस' हा शब्द अधिक जवळचा आहे. आश्रयात धनी कलावंताला पोसतो. नवसात देणारा स्वतःच ऋणी असतो आणि ते ऋण फेडताना कलावंताला कामाला लावतो. अर्थात कोझिमोचे दान केवळ भक्तीचे नव्हते. दूरच्या पोर्तुगीज राजधानीत मेदिचींचे नाव दगडात बसविण्याची संधी त्या उतरणीला लागलेल्या घराण्याने साधली, हेही तितकेच खरे. परंतु नवस आणि प्रतिष्ठा एकाच वस्तूत नांदू शकतात, हे विदर्भातील कोणत्याही जत्रेच्या ठिकाणी राहणाऱ्यास पटवून द्यावे लागत नाही.

कारागिरांचे अनामिकत्वही निरागस नाही. 1567 च्या गोवा प्रांतिक धर्मपरिषदेने ख्रिस्तेतर कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करवून घेण्यास प्रतिबंध केला होता. ज्या गोष्टीला मनाई करावी लागते, ती प्रचारात असते, एवढे अनुमान येथे निश्चित काढता येते. ज्यांचे हात हवे होते आणि ज्यांचा धर्म नको होता, त्यांची नावे नोंदविण्यात कोणाचे हित असणार? पाउलो व्हारेला गोमेश यांनी आपल्या 2011 च्या ग्रंथात गोव्यातील चर्च-वास्तू ही पोर्तुगीज वा 'इंडो-पोर्तुगीज' नसून गोमंतकीयच आहे, असा पक्ष मांडला. तो वास्तूपुरता पटतो. चांदीच्या पेटीबाबत त्याचा विस्तार व्हावयास हवा.

हा विषय आपल्या परिसराला वाटतो तितका परका नाही. चंद्रपूर येथे अंचलेश्वर मंदिराजवळच्या गोंड राजांच्या समाध्यांमध्ये बीरशहाची समाधी सर्वांत भव्य आहे. राणी हिराईने ती अठराव्या शतकाच्या प्रारंभी, म्हणजे राम्पोनी गोव्यात चौथरा जोडून गेल्यानंतर थोड्याच वर्षांत, उभारली. पतीच्या स्मरणार्थ बांधविणाऱ्या राणीचे नाव गोंडपिपरीतील शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. पाथरवटांचे कोणालाच नाही. कोझिमो आणि हिराई हे समकालीन दाते एकाच तासिकेत शेजारी ठेवून शिकविले, तर 'आश्रयदाता' ही संज्ञा युरोपीय अभ्यासक्रमातून जशीच्या तशी उचलण्यापूर्वी विद्यार्थी निदान विचारतील, की पैसा कोणाचा, नवस कोणाचा आणि छिन्नी कोणाची.