जपातील संख्या : गणना आणि गणनातीत
(ठाणे-कल्याण-डोंबिवली परिसरातील उपासनेच्या संदर्भात)

जपसाधनेतील संख्या हा विषय इतका परिचित आहे की त्याकडे प्रश्न म्हणून क्वचितच पाहिले जाते. ठाणे, कल्याण व डोंबिवली या परिसरातील मंदिरांच्या सूचनाफलकांवर अथर्वशीर्षाची एकवीस अथवा सहस्र आवर्तने, श्रावणातील लघुरुद्र, नामाचा कोटी जप हे शब्द सहज आढळतात. या संख्यांचा अर्थ विचारला असता मिळणारी उत्तरे साधारणतः दोन प्रकारची असतात. अमुक आवर्तनांनी अमुक फल मिळते, हे एक. त्या संख्येमागे काही गूढ शास्त्रीय कारण आहे, हे दुसरे. पहिल्या उत्तराने संख्येचा व्यवहार होतो आणि दुसऱ्याने चमत्कार. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, परंपरेने संख्येकडे मुख्यतः साधकाला घातलेली मर्यादा म्हणून पाहिले, आणि ती मर्यादा विरघळून जावी याची सोयही संख्येच्याच आधाराने करून ठेवली.

दुसऱ्या उत्तरापासून आरंभ करणे सोयीचे आहे, कारण सुशिक्षित वर्गात तेच अधिक प्रिय झाले आहे. जपमाळेचे मणी १०८ का, याची अनेक स्पष्टीकरणे दिली जातात. सत्तावीस नक्षत्रांचे प्रत्येकी चार चरण मिळून १०८ होतात. बारा राशी व नऊ ग्रह यांचा गुणाकारही तोच. अहोरात्रातील श्वास २१,६०० मानले, तर त्यांचा अर्धा भाग १०,८०० आणि त्याचा शतांश १०८. अलीकडे यात खगोलशास्त्राची भर पडली आहे. सूर्याच्या व्यासाच्या १०८ पट अंतरावर सूर्य आहे व चंद्राच्या व्यासाच्या १०८ पट अंतरावर चंद्र, असे सांगितले जाते. आधुनिक मापनानुसार सूर्याच्या बाबतीत हे प्रमाण सरासरीने सुमारे १०७.४ येते, तर चंद्राच्या बाबतीत सुमारे ११०.६. पहिला आकडा जवळचा आहे, दुसरा तितका नाही. जपविधीच्या परंपरागत विवेचनात तर हे कारण आढळत नाही. एकाच संख्येची इतकी कारणे उपलब्ध असणे हेच सूचक आहे. संख्या आधी रूढ झाली आणि कारणे तिच्यामागून आली, असा निष्कर्ष काढणे भाग पडते. यात कमीपणा काही नाही. पूज्य झालेल्या संख्येत माणूस आपले विश्व शोधतो, आणि नक्षत्रचरणांसारखे काही शोध सुंदरही असतात. मात्र शोध आणि उगम यांची गल्लत समीक्षकाने करू नये.

या संख्येचे संस्कृत नाव अधिक बोलके आहे. १०८ ला 'अष्टोत्तरशत' म्हणतात, म्हणजे शंभराच्या वर आठ. सत्तावीस चोक ही कल्पना त्या नावात नाही. संध्येतील गायत्रीजप यथाशक्ति दहा, अठ्ठावीस किंवा एकशे आठ वेळा करावा असे सांगितले जाते. विसावर आठ, शंभरावर आठ, आणि पुढे नामावलीत सहस्रावर आठ, अशी ही रचना दिसते. मोजताना राहून गेलेल्या चुकांसाठी आठ अधिक, असे एक पारंपरिक स्पष्टीकरण आहे. ते साधे आहे आणि साधनेच्या प्रत्यक्षाशी अधिक प्रामाणिकही आहे, कारण मन भटकणार हे त्यात गृहीत धरलेले आहे. मराठी लोकव्यवहाराचा कलही असाच दिसतो. आहेराच्या पाकिटात शंभर रुपये जात नाहीत, एकशे एक जातात. देवापुढे सव्वा रुपया ठेवला जातो. नवस सव्वा किलो पेढ्यांचा असतो आणि जपाचा संकल्प सव्वा लक्षाचा. पूर्ण संख्येवर हिशेब मिटतो. ज्याच्याशी संबंध मिटवायचा नाही, त्याच्याकडे थोडे अधिक टाकावयाचे, ही भावना या संख्यांच्या मुळाशी असावी.

अर्थात हे सूत्र सर्वत्र लागू पडेल असे नाही. गणपतीच्या एकवीस दूर्वांतील एकवीस हे विसावर एक आहेत, तसेच तीन गुणिले सातही आहेत. रुद्रातील अकरा तर दहावर एक म्हणून आलेले नाहीत. रुद्रच अकरा आहेत, आणि नमकाचे व चमकाचे अनुवाकही प्रत्येकी अकरा. रुद्रपाठाची गणना हे या विषयातील सर्वांत शिस्तबद्ध उदाहरण होय. नमकाची अकरा आवर्तने आणि प्रत्येकामागे चमकाचा एक अनुवाक मिळून एकादशिनी होते. अकरा एकादशिनींचा, म्हणजे १२१ आवर्तनांचा, लघुरुद्र. त्याच्या अकरापटीने १,३३१ चा महारुद्र आणि पुन्हा अकरापटीने १४,६४१ चा अतिरुद्र. शके ९८२ (इ. स. १०६०) चा शिलालेख असलेले अंबरनाथचे शिवालय ज्या परिसराच्या सीमेवर उभे आहे आणि ज्याच्या ठाणे शहरात कौपिनेश्वर आहे, तेथे लघुरुद्र हा शब्द स्पष्टीकरणाशिवाय समजतो यात नवल नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, चमकाच्या शेवटच्या अनुवाकात संख्या हीच प्रार्थनेचा विषय झाली आहे. एकपासून तेहेतीसपर्यंतच्या विषम संख्या आणि चारपासून अठ्ठेचाळीसपर्यंतच्या चारच्या पटी, या सर्व मला लाभोत, असे तेथे मागितले आहे. धान्य, गाई, आयुष्य मागून झाल्यावर ऋषी संख्या मागतो. मोजण्याचे साधनच येथे देणगी बनते.

लघुरुद्राला अकरा ब्राह्मण बसतात आणि प्रत्येकाची अकरा आवर्तने मिळून १२१ होतात. अनेकांचे पठण एकत्र मोजण्याची ही पद्धत गणपती अथर्वशीर्षाच्या सहस्रावर्तनात उतरली असावी असे दिसते. अथर्वशीर्ष हे उत्तरकालीन उपनिषद असून मुक्तिकोपनिषदातील १०८ उपनिषदांच्या यादीत त्याचा समावेश आहे. त्याच्या फलश्रुतीत सहस्र आवर्तनांचा तसेच सहस्र मोदकांचा उल्लेख येतो. फलश्रुती शेवटी एकदाच म्हणावयाची असे धरले, तरी एका आवर्तनास सुमारे तीन मिनिटे लागतात. म्हणजे एकट्याला सहस्रावर्तनासाठी पन्नास तास हवेत. पंचवीस जण बसले, तर प्रत्येकी चाळीस आवर्तनांत दोन तासांत संकल्प पुरा होतो. सकाळची गाडी गाठणाऱ्या नोकरदार वस्तीला हे गणित जमणारे आहे. १९२४ साली स्थापन झालेल्या डोंबिवलीच्या गणेशमंदिरापासून टिटवाळ्याच्या महागणपतीपर्यंतच्या या गणेशभक्त पट्ट्यात सामुदायिक आवर्तने रुजली, याचे एक कारण या विभाजनात आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. लघुरुद्रात संकल्प एक, यजमान एक आणि पाठक त्याचे प्रतिनिधी असतात. म्हणून त्यांची आवर्तने एकत्र मोजता येतात. सामुदायिक आवर्तनात प्रत्येक जण आपापल्या इच्छेसह आलेला असेल, तर बेरीज कशाची करावयाची? शंभर माणसांनी दहा वेळा म्हटलेले आणि एका माणसाने हजार वेळा म्हटलेले हे अंकगणितात समान आहे, साधनेत नाही. हजाराव्या आवर्तनापर्यंत एकट्याच्या वाणीचे आणि चित्ताचे जे होते, ते दहाव्यात होणे शक्य नाही. हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. सामुदायिक संख्येने दुसरेच एक कार्य केले आहे. वैदिक पठणाचा अधिकार ज्यांना शतकानुशतके नाकारला गेला, त्या स्त्रिया या पठणाला मोठ्या संख्येने बसतात. पुण्यात दगडूशेठ हलवाई गणपतीपुढे ऋषिपंचमीच्या पहाटे हजारो स्त्रिया अथर्वशीर्ष म्हणतात. उपनगरांतील छोट्या मंडळांत हेच लहान प्रमाणावर घडते. सहस्र पुरे करण्यास माणसे हवीत, आणि माणसे हवीत म्हणून दार उघडावे लागते. अधिकारभेदाचा वाद शास्त्रार्थाने सुटला नाही. तो काही अंशी या गरजेने मागे पडला, असे म्हणण्यास जागा आहे.

कोटीच्या जपाचे स्वरूप निराळे आहे. तेथे संख्या मंत्राच्या अक्षरांतून येते. पुरश्चरणाचा एक रूढ नियम असा की, मंत्राची जितकी अक्षरे तितके लक्ष जप. गायत्रीची चोवीस अक्षरे, म्हणून चोवीस लक्ष. त्यानंतर दशांश हवन, त्याच्या दशांश तर्पण, त्याच्या दशांश मार्जन आणि शेवटी दशांश ब्राह्मणभोजन. चोवीस लक्षांपासून निघालेली संख्या अशी उतरत दोनशे चाळीस पानांवर येते. अमूर्त उच्चारापासून जेवणाऱ्या माणसापर्यंतचा हा उतार शास्त्रकारांनी जाणून योजला असो वा नसो, त्यात जपाला जगाशी बांधून ठेवण्याची दृष्टी आहे.

समर्थ रामदासांचा (१६०८-१६८१) त्रयोदशाक्षरी राममंत्राचा जप याच नियमाचा भव्य विस्तार होय. तेरा अक्षरे, म्हणून तेरा कोटी. नाशिकजवळ टाकळी येथे बारा वर्षांत हा जप पूर्ण झाला, असे संप्रदाय सांगतो. हिशेब केला तर रोजचा जप सुमारे एकोणतीस हजार सहाशे येतो. एका उच्चाराला दोन सेकंद धरले तर रोज साडेसोळा तास लागतात, एक सेकंद धरला तर सव्वाआठ. या आकडेमोडीवरून परंपरा खोटी ठरविण्याची घाई करणारे आणि तीवरून समर्थांचे अलौकिकत्व सिद्ध करणारे, दोघेही संख्या कशासाठी आहे हे विसरतात. प्रत्येक अक्षरामागे एक कोटी, याचा अर्थ मंत्रातील एकही अक्षर बिनहिशेबी राहू नये. तो आयुष्याच्या बारा वर्षांचा आराखडा आहे. पुढे हाच मंत्र ब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांनी (१८४५-१९१३) गृहस्थांच्या हाती दिला. त्यांच्या अनुयायांच्या घरांत आजही नामाच्या माळा रोज मोजल्या जातात. मुंबईला नोकरीसाठी जाणाऱ्याला डोंबिवलीपासून धीम्या लोकलने सव्वा तासाचा प्रवास असतो. एका माळेला साडेतीन-चार मिनिटे धरली तर या वेळात अठरा-वीस माळा होतात. मठाने आखलेला वेळ येथे रेल्वेच्या वेळापत्रकाने आखला आहे, एवढाच फरक.

मात्र लिखित जपाच्या चौकटी आखलेल्या वह्या, त्यांचे गठ्ठे आणि वर्षअखेरीस जाहीर होणारी एकूण संख्या यांच्याविषयी शंका घेणे आवश्यक आहे. मराठी भाषेने ही शंका फार पूर्वीच घेतली. चातुर्मासात बेलाची, दूर्वांची, तुळशीची लाखोली वाहण्याचे व्रत असते, आणि त्याच भाषेत शिव्यांचीही लाखोली वाहतात. एखाद्याच्या नावाची जपमाळ ओढणे हेही भक्तीचे लक्षण मानले जात नाही. आवृत्तीतून अर्थ गळून गेला की उरते ती निव्वळ राशी, हे या वाक्प्रचारांना कळलेले आहे.

हाच प्रश्न ज्ञानदेवांच्या हरिपाठात आरंभीच उभा राहतो. मुखाने हरिनाम घ्यावे आणि त्याच्या पुण्याची मोजदाद करण्याच्या भरीस पडू नये, असा तेथील आशय आहे. वारकऱ्याची तुळशीमाळ प्रामुख्याने गळ्यात असते, आणि 'माळकरी' हा शब्द माळ घातल्यावरून आला, ओढल्यावरून नव्हे. पतंजलीने जपाची व्याख्या करताना अर्थभावनेचा उल्लेख केला, संख्येचा नाही. मनुस्मृतीत उपांशु जप शतगुण आणि मानस जप सहस्रगुण म्हटला आहे. म्हणजे तेथे गुणाकार आहे, पण तो किती वेळा याचा नसून कसा याचा आहे. या मतांवरून वारकरी गणनेच्या विरोधात व समर्थसंप्रदायी गणनेच्या बाजूने अशी विभागणी करणे सोपे आहे, परंतु ती फसवी आहे. हरिपाठ नेमाने रोज म्हणावयाचा असतो. नेम हीदेखील गणनाच आहे, फक्त तिचा एकक दिवस हा आहे.

या दोन प्रवृत्तींची भेट दासबोधाच्या सतराव्या दशकातील अजपानिरूपणात होते, हे लक्षणीय आहे. तेरा कोटींचा संकल्प ज्यांच्या नावे सांगितला जातो, तेच समर्थ तेथे २१,६०० ही संख्या सांगतात, पण ती करावयाच्या जपाची नाही. श्वासाबरोबर आपोआप होत असलेल्या सोऽहं जपाची ती संख्या आहे. तासाला नऊशे, मिनिटाला पंधरा, म्हणजे चार सेकंदांना एक. स्वस्थ बसलेल्या निरोगी माणसाच्या श्वसनाचा वेग साधारण मिनिटाला बारा ते वीस असतो. त्या मानाने हा आकडा शरीराच्या बराच जवळचा आहे. येथे मोजणारा कोणी नाही. संख्या पुरी करण्याची जबाबदारी साधकावर नाही, ती पुरी होतच असते. त्याने केवळ लक्ष द्यावयाचे. वर उल्लेखिलेला १०८ चा श्वासाशी लावलेला संबंध ऐतिहासिक उगम म्हणून सिद्ध होत नाही. तरी साधनेच्या दृष्टीने तो सर्वांत अर्थपूर्ण ठरतो, कारण मणी ओढणाऱ्या बोटाला तो मणी नसलेल्या जपाची आठवण देतो.

करमाळेत बोटांच्या बारा पेरांपैकी दहाच मोजतात. मधल्या बोटाची दोन पेरे मेरू म्हणून सोडून देतात. मण्यांच्या माळेतही मेरुमणी ओलांडायचा नसतो. तेथे पोहोचल्यावर माळ फिरवून घ्यावी लागते, आणि त्या क्षणी हात थांबतो. जपासाठी आता बोटात घालावयाचे गणनायंत्र मिळते आणि मोबाइलवर ॲपही. रेल्वेच्या गर्दीत त्यांची सोय निर्विवाद आहे, आणि अशा साधनांना नावे ठेवणे हा पंडिती आळसच होईल. परंतु त्यांत सहसा मेरू नसतो. एकशे आठानंतर तेथे एकशे नऊ येतो.