मेक्सिकन प्रेमचित्रकथा : रेषा ओलांडणाऱ्या तीन नायिका

लोकप्रिय साहित्याच्या अभ्यासात मेक्सिकोतील प्रेमचित्रकथांचा उल्लेख बहुधा दूरचित्रवाणी मालिकांची पूर्वपीठिका म्हणून येतो. तो चुकीचा नाही; पण त्यामुळे या चित्रकथा स्वतंत्र कलाकृती म्हणून वाचायच्या राहून जातात. गरीब मुलगी श्रीमंत घरात पोहोचते, ही त्यांची आवडती गोष्ट आहे. ती कोणत्या अटीवर पोहोचते, एवढाच प्रश्न या पाठात आपण विचारणार आहोत.

आधी थोडी पार्श्वभूमी. मेक्सिकोत चित्रकथेला 'इस्तोरिएता' म्हणतात. १९३० च्या दशकात तेथे 'पेपीन', 'चामाको' अशी स्वस्त, लहान आकाराची नियतकालिके निघू लागली. १९३६ मध्ये सुरू झालेले 'पेपीन' पुढे रोज निघू लागले आणि रविवारी दोनदा, म्हणजे आठवड्याला आठ अंक! आपल्याकडे कोणत्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसे तेथे कोणत्याही चित्रकथेला 'पेपीन' म्हणू लागले. क्रांतीनंतरच्या साक्षरता मोहिमांतून नव्याने वाचायला शिकलेले प्रौढ स्त्री-पुरुष हा या अंकांचा मोठा वाचकवर्ग होता. एक अंक अनेक हातांतून फिरे. ज्यांना वाचता येत नसे त्यांना दुसरे कोणी वाचून दाखवी. चित्रकथा म्हणजे बालवाङ्मय, ही समजूत येथे बाजूला ठेवावी लागते.

नीतिरक्षकांना हे रुचणे शक्यच नव्हते. त्यांच्या मोहिमांनंतर १९४४ मध्ये सरकारने सचित्र नियतकालिकांच्या परीक्षणासाठी एक आयोग नेमला. धंदा मात्र थांबला नाही. या वादाचा इतिहास लिहिणाऱ्या अ‍ॅन रुबेनस्टाइन यांनी दाखवून दिले आहे की, परंपरा आणि आधुनिकता यांच्यातील भांडण चित्रकथांच्या पानांवरही चालू होते. नोकरी करणारी, शहरात एकटी वावरणारी 'आधुनिक मुलगी' आणि घर सांभाळणारी सोशिक स्त्री अशा दोघी तेथे शेजारी शेजारी सापडतात.

या परंपरेतील सर्वांत महत्त्वाची लेखिका योलांदा वार्गास दुल्चे (१९२६–१९९९). लेखनाआधी ती बहिणीबरोबर गाण्याचे कार्यक्रम करीत असे. 'पेपीन'मधून ती लिहू लागली आणि पुढे पती गिएर्मो दे ला पार्रा याच्याबरोबर तिने प्रकाशनसंस्था उभी केली. १९६० च्या दशकात सुरू झालेले 'लाग्रिमास, रिसास इ आमोर' हे त्यांचे गाजलेले नियतकालिक. शीर्षकाचा अर्थ 'अश्रू, हास्य आणि प्रेम'. क्रम लक्षात घ्यावा : अश्रू आधी. आंतोनियो गुतिएर्रेस यांच्यासारख्या चित्रकाराने नायिकांचे चेहरे इतक्या जवळून रेखाटले की, कित्येक चौकटींत डोळे आणि गालांखेरीज फारसे काही उरत नाही.

तिची पहिली नायिका पाहू. मारिया इसाबेल ही आदिवासी मुलगी. श्रीमंत मैत्रीण मृत्यू पावल्यावर ती तिच्या लेकीला घेऊन शहरात येते, मोलकरीण म्हणून राबते आणि अखेर आपल्या विधुर मालकाशी तिचे लग्न होते. मूलनिवासी मोलकरणीला नायिका करणे ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती. परंतु तिला हे स्थान मिळते ते सेवेच्या बळावर. स्वतःसाठी काही मागितले असते तर कथा तिच्या बाजूने उभी राहिली असती का, याविषयी शंका वाटते. या कथेवरील १९६८ च्या चित्रपटात ही भूमिका सिल्विया पिनाल या गौरवर्णी तारकेने केली. याच लेखिकेच्या 'मेमीन पिंग्वीन' या कृष्णवर्णी मुलाबद्दलही असाच पेच आहे. त्याच्याविषयीचा जिव्हाळा खरा, पण जाड ओठांचे ते रेखाटन वर्णद्वेषी व्यंगचित्रांच्या साच्यातले. २००५ मध्ये मेक्सिकोने त्याच्यावर टपाल तिकिटे काढली तेव्हा अमेरिकेत तीव्र निषेध झाला. लेखिकेची सहानुभूती आणि तिच्या काळाची नजर या दोन गोष्टी आपण वेगवेगळ्या वाचल्या पाहिजेत.

दुसरी नायिका येसेनिया. एकोणिसाव्या शतकातील मेक्सिको, जिप्सी टोळीत वाढलेली मानी मुलगी आणि एक लष्करी अधिकारी. येथे जातकुळीची रेषा खरोखर ओलांडली जाणार असे वाटत असतानाच उलगडा होतो की, येसेनिया जन्माने प्रतिष्ठित घराण्यातलीच आहे. अब्रूपायी तिला जिप्सींच्या हाती सोपवले गेले होते. म्हणजे तिने रेषा ओलांडलीच नाही, ती परत आली एवढेच. या कथेवरील १९७१ चा चित्रपट सोव्हिएत संघात १९७५ मध्ये दाखवला गेला आणि त्याची ९ कोटींहून अधिक तिकिटे खपली. तेथे कोणत्याही परदेशी चित्रपटाला एवढा प्रेक्षक लाभला नाही. भारतीय विद्यार्थ्याला येथे 'आवारा' आठवेल. त्याची तिकिटेही तेथे ६ कोटींच्या पुढे गेली होती. साम्य आकड्यांपुरते नाही. 'आवारा'तला राजसुद्धा घराण्याच्या अब्रूपायी टाकलेल्या आईचा मुलगा, रस्त्यावर वाढलेला आणि रक्ताने न्यायाधीशाचा. फरक असा की, 'आवारा' त्या न्यायाधीशालाच जाब विचारतो. 'येसेनिया'त उलगड्याचे सुख एवढे मोठे की, जाब मागे पडतो.

तिसरी रुबी, आणि माझ्या मते तिघींत सर्वांत सच्ची. ती गरीब आहे, सुंदर आहे, आणि तिला श्रीमंती हवी आहे. जिच्यावर मन जडले त्या डॉक्टरला ती नाकारते आणि पायाने अधू असलेल्या मैत्रिणीचा श्रीमंत वर हिरावून घेते. अशा नायिकेला शासन होणार हे वाचकाला पहिल्या अंकापासून ठाऊक असते, आणि ते होतेही. टीकाकार या शेवटावर बोट ठेवून म्हणतात की, चित्रकथा स्त्रीच्या महत्त्वाकांक्षेला दाबते. हा आक्षेप पुस्तकाला लागू पडतो. हप्त्याहप्त्याने वाचलेल्या चित्रकथेला तेवढा लागू पडत नाही. शिक्षा येते ती शेवटच्या काही पानांत. त्याआधी किती आठवडे वाचक रुबीचे पोशाख, तिचे बेत, तिचा उद्दामपणा पाहत असतो! दुपारी धुणीभांडी उरकून अंक उघडणाऱ्या बाईच्या हाती तेवढा वेळ तरी न मागता मिळणारी मारिया इसाबेल नसे, मागून घेणारी रुबी असे.

१९६८ मध्ये रुबीवर मालिका झाली, १९७० मध्ये चित्रपट, २००४ मध्ये पुन्हा मालिका आणि २०२० मध्ये आणखी एक. प्रत्येक वेळी अभिनेत्री बदलली. शीर्षकात मात्र तिचेच नाव राहिले, त्या सद्गुणी मैत्रिणीचे नव्हे.